सासूबाईंच्या सामायिकाची जागा



गार फरशी ही आपल्याकडे तक्रार करण्याची गोष्ट नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पंखा गरम वारा फेकत असतो तेव्हा आपण उशी घेऊन सरळ खाली फरशीवर लवंडतो, आणि त्यासारखं सुख नसतं. पण डिसेंबर-जानेवारीचे पाच-सहा आठवडे तीच फरशी म्हाताऱ्या माणसांचा छळ करते, त्यातही आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा, कारण त्यांचा दिवस फरशीवरच सुरू होतो आणि फरशीवरच संपतो.

आमच्या सासूबाईंचं वय ८१. सकाळ-संध्याकाळ दोन घडी सामायिक, म्हणजे ४८ मिनिटं, त्यानंतर माळ, त्यानंतर पाठ. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून हा क्रम चुकलेला मी पाहिला नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र संध्याकाळी त्यांच्या खोलीत लवकर उजेड दिसायला लागला. आधी वाटलं, डोळ्यांचं काहीतरी असेल. मग लक्षात आलं की त्या संध्याकाळचं सामायिक अर्ध्यावर उरकून पलंगावर बसून नुसती माळ करतात. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, पाय दगड होतात." डॉक्टरांनी खुर्ची सांगितलीच होती. खुर्चीवर बसून सामायिक चालतं, शरीर साथ देत नसेल तर कोणीही मना करत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. दुसऱ्या कोणाला त्या स्वतःच हा सल्ला देतात! पण स्वतःसाठी त्यांना तो नको होता. "गुडघे वाकत नाहीत असं झालं तर बसेन. अजून वाकतात. फक्त खालून गार लागतं."

खालून गार लागतं. एवढ्या एका वाक्यावर आमच्या घरात दोन महिने खल झाला, आणि त्यातून मला फरशीबद्दल जे कळलं ते तुम्हा सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

नणंदेचा मुलगा इंग्लंडात लेस्टरला असतो. लेस्टरचं आपलं मंदिर तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जुन्या चर्चच्या इमारतीत आहे, १९८८ मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. एकाच छताखाली दिगंबर वेदीही आहे आणि श्वेतांबर मंदिरही, स्थानकवासी बंधूंसाठी उपाश्रयाची जागाही. इथे आपण एका गल्लीत राहून एकमेकांच्या मंदिरात जात नाही, आणि तिथे... असो, तो विषय वेगळा. तर भाचा डिसेंबरात सुट्टीला आला. आजीचं ऐकलं आणि लगेच म्हणाला, "मामी, त्यात काय, फरशीखाली हीटिंग टाकू. आमच्या घरी केलंय."

त्याच्या घराची गोष्ट आधी सांगते, कारण परदेशात मुलं-मुली असलेल्या बऱ्याच जणींच्या कानावर हे आता पडत असेल. त्याचं घर जुनं, मागच्या बाजूला स्वयंपाकघर, आणि त्याची जमीन म्हणजे मातीवर थेट ओतलेलं भरीव काँक्रीट. तिकडे खोलवर जमिनीचं तापमान बारा महिने साधारण १०-११ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे उन्हाळा असो की बर्फ, घराखाली कायम एक फ्रिज चालू. त्या काँक्रीटवर गरम पाण्याच्या नळ्या पसरायच्या, वर सिमेंट-वाळूचा थर द्यायचा आणि मग फरशी, असा बेत. तिथल्या कारागिराने सांगितलं, नळ्या थेट काँक्रीटवरच टाकू, उंची वाचेल, पैसे वाचतील. भाच्याने ऐकलं नाही. त्याने जुनं काँक्रीट फोडलं, खाली खणलं, आधी ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद, त्यावर चार इंच जाडीच्या फोमच्या फळ्या, त्यांचे सांधे चिकटपट्टीने बंद, भिंतींच्या कडेनेही फोमची उभी पट्टी, आणि मग नळ्या.

मला प्रश्न पडला, ऊब तर वरच येणार ना? गरम हवा वर जाते, हे शाळेत शिकलोय. भाचा म्हणाला, गरम हवा वर जाते, पण घन वस्तूतली उष्णता वर-खाली बघत नाही, जिकडे गार असेल तिकडे जाते. खाली ११ अंशांची माती आणि वर २० अंशांची खोली, तर उष्णता मातीकडे जास्त ओढीने पळणार. काँक्रीट तिला अडवत नाही. दोन इंचांची फोमची फळी जेवढी उष्णता अडवते, तेवढी अडवायला साधारण सहा-सात फूट जाडीचं काँक्रीट लागेल! म्हणून खाली अडसर न घालता ऊब देणं म्हणजे तळ फुटलेल्या घागरीत पाणी भरणं. आणि भिंतीच्या कडेची पट्टी का, तर तापलेला थर भिंतीला टेकला की तिथून उष्णता बाहेर जाते. शिवाय तापल्यावर तो थर किंचित वाढतो, त्याला जागा लागते.

हे सगळं पटलं. मग आमच्या घराचा हिशेब सुरू झाला.

आमचं घर सिडकोतलं, चाळीसेक वर्षांपूर्वीचं, सासूबाईंची खोली तळमजल्यावर, उत्तरेकडची. खाली दगडाचं सोलिंग, त्यावर मुरमाची भरणी, मग काँक्रीट, मग जुनी मोझॅकची फरशी. अशा बैठ्या घरांची आपल्याकडे हीच रीत. नेहमीच्या मिस्त्रींना बोलावलं. ते बीड बायपासकडून येतात, आमच्याकडची गच्ची, बाथरूम, ओटा सगळं त्यांच्याच हातचं. भाच्याने त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं. गरम पाण्याच्या नळ्या इथे कशाला, एका खोलीसाठी विजेची तार असलेली चटई मिळते, टाइलच्या खाली चिकटवायची, चौरस मीटरला १५० वॉट. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाभी, थर्माकोल के उपर फर्शी लगाई तो बोदी बजेगी. बाद में मेरेकू बोलना नई."

त्यांची भीती खोटी नव्हती. पॅकिंगला येतो तो पांढरा थर्माकोल फरशीखाली घातला तर दबतोच, फरशी हलते, सांधे उघडतात. पण फरशीखालच्या फळ्या वेगळ्या असतात. त्या घट्ट, बारीक छिद्रांच्या, पाणी न पिणाऱ्या, आणि एका चौरस मीटरवर २०-३० टन भार सोसतील अशा. आपल्याकडे गच्चीच्या कामासाठी आणि शीतगृहांसाठी त्या मिळतात. मिस्त्रींनी नमुना हातात घेऊन त्यावर टाच रोवून पाहिली, मग मान डोलावली. पुढचा प्रश्न उंचीचा. दोन इंच फळी, वर दोन-अडीच इंच सिमेंटचा थर, मग टाइल, म्हणजे खोलीची जमीन जवळजवळ पाच इंचांनी वर. दार कापायचं, उंबऱ्याच्या जागी पायरी येणार, आणि ८१ वर्षांच्या बाईच्या खोलीत रात्री ठेच लागायला एक नवी जागा तयार. बारीक बोर्ड वापरून दीड इंचात बसवता येतं, पण मग अडसरही तेवढाच बारीक.

"नाहीतर फोडून टाकू," मिस्त्री म्हणाले. "खाली गेलो की उंची तीच राहील. वाळवीचं औषध मात्र मारावं लागेल. उघडल्यावर न मारता बंद केलं तर मी जबाबदार नाही."

इथे सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "माझ्या सामायिकासाठी?"

तुम्हाला मी काय सांगायचं. घर बांधताना, दळताना, स्वयंपाक करताना जी हिंसा होते ती आरंभी, ती गृहस्थाला सुटत नाही, म्हणून रोज आलोचना. पण जिवंत वाळवी आहे हे माहीत असताना तिच्यावर विष ओतायचं, आणि तेही अशासाठी की त्या जागेवर बसून सर्व जीवांवर समताभाव ठेवायचा! त्या एवढंच म्हणाल्या आणि माळ घेऊन आत गेल्या. मिस्त्री बिचारे गडबडून गेले. त्यांना वाटलं, आजींना खर्च जास्त वाटला.

फोडायचं नाही हे तिथेच ठरलं. राहिली वरून टाकायची विजेची चटई. सासूबाई सामायिकात पंखाही लावत नाहीत. वीज अग्निकाय की नाही, यावर आपल्या समाजात एकमत नाही, आणि त्या वादात मला पडायचं नाही. त्यांचं म्हणणं साधं आहे, दोन घडी सगळा आरंभ सोडला तर बटणही सोडलं. भाचा म्हणाला, मग आधी तापवून ठेवू, सामायिकाला बसायच्या वेळी बंद. सिमेंटचा थर ऊब धरून ठेवतो. चार चौरस मीटरची चटई म्हणजे ६०० वॉट, तापायला दोन-अडीच तास, सकाळ-संध्याकाळ मिळून पाच तास धरा, रोजची तीन युनिटं. बिल काही फार नाही. पण पहाटे साडेतीनला उठून बटण दाबणार कोण? टायमर लावू. टायमर लावणारा कोण? मी. म्हणजे कृत नाही, कारित. आणि त्यांना माहीत असून त्या बसणार, म्हणजे अनुमोदना. हे त्या म्हणाल्या नाहीत, मीच मनात बोलले, पण या घरात इतकी वर्षं राहून एवढं तर कळतंच.

त्याहून मोठा घोटाळा सूचनेच्या कागदावर निघाला. तारेच्या चटईवरच्या फरशीवर जाड गालिचा, गादी, तळ टेकलेलं कपाट असं काही ठेवायचं नाही, खाली उष्णता कोंडून तार खराब होऊ शकते. आणि आपण काय करणार? नेमकं त्याच जागेवर आसन घालून पाऊण तास बसणार.

याच दिवसांत घरात एक खेळ सुरू झाला. कोविडच्या वेळी घेतलेलं, लांबून तापमान दाखवणारं पिस्तुलासारखं यंत्र कपाटात पडलं होतं. भाच्याने ते काढलं. जानेवारीतली पहाट, साडेसहा वाजलेले. खोलीतली हवा १९. फरशी १९. कोपऱ्यात जेवायचा सागवानी पाट उभा होता, तो १९. सासूबाईंचं सुती आसन, १९. मी एक पाय फरशीवर आणि एक पाटावर ठेवून उभी राहिले. फरशीवरचा पाय गारठला, पाटावरचा नाही. दोन्हींचा आकडा एकच!

म्हणजे फरशी गार नसतेच. ती आपल्या पायाची ऊब भराभर ओढून घेते, म्हणून आपल्याला गार वाटते. काँक्रीट आणि मोझॅक लाकडापेक्षा साधारण दहापट वेगाने उष्णता वाहून नेतात. पाट ती नेत नाही, जिथल्या तिथे ठेवतो. शेजारच्या ओसवाल काकू लोकरीच्या आसनावर बसतात आणि त्यांना कधी गार लागत नाही, त्याचंही हेच कारण, लोकरीत अडकलेली हवा. सासूबाई लोकर वापरत नाहीत, आणि त्यांचं सुती आसन धुऊन धुऊन पापडासारखं झालेलं.

आणि दुसरी गोष्ट, जी भाच्याच्याही ध्यानात आली नव्हती. जमीन खोलवर गेली की तिथे त्या गावाचं वर्षभराचं सरासरी तापमान असतं. लेस्टरला ते १०-११. आपल्याकडे २५-२६! आपल्या घराखाली फ्रिज नाही. हिवाळ्यात आपली खालची माती खोलीपेक्षा उबदारच असते. थंडी येते ती रात्रीच्या हवेतून, खिडकीच्या फटीतून आणि बाहेरच्या भिंतीच्या कडेने. आणि उन्हाळ्यात बाहेर ४१-४२ अंश असताना तीच २५-२६ अंशांची माती फरशीला खालून गारवा देत असते. वरच्या मजल्यावरची फरशी मे महिन्यात कोमट लागते आणि तळमजल्यावरची गार, ते यामुळेच. मग ज्या खोलीच्या जमिनीखाली आपण फोमच्या फळ्या घालू, तिचा मातीशी संबंध तुटला. पाच आठवड्यांच्या थंडीसाठी चार महिन्यांचा उन्हाळा आपण आपल्या हाताने गरम करून घेतला असता. सासूबाई मे महिन्यात जिथे दुपारी आडव्या होतात ती हीच फरशी.

आपल्या गावाला हे जुनं माहीत आहे. पाणचक्कीला शाळेच्या सहलीत सगळ्याच गेलो असू. तिथला मोठा हौद म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी वर उभं, आणि खाली उन्हाळ्यातही थंडावा. थंड प्रदेशांनी याच्या उलटं केलं. काश्मीरमध्ये मशिदींत आणि जुन्या घरांत हम्माम असतो, दगडी फरशीच्या पोकळीत लाकूड जाळायचं आणि वर बसायचं. कोरियात ओंडोल, जुन्या रोममध्येही तसंच. ज्यांची जमीन गार त्यांनी ती तापवली, ज्यांचं आभाळ गरम त्यांनी वर पाणी ठेवलं. आपल्याकडे ऊन येतं ते वरून, त्यामुळे ज्यांच्या हातात थोडे पैसे आहेत त्यांनी ते गच्चीवर घालावेत असं मला अगदी ठामपणे वाटतं. विटांचा कोबा, वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, किंवा तोच फोम कोब्याखाली. भाच्याच्या त्या फळ्यांची इथली खरी जागा डोक्यावर आहे, पायाखाली नाही. आमच्या गच्चीचा नंबर येत्या फेब्रुवारीत लागणार आहे, चातुर्मासाच्या खूप आधी, म्हणजे पावसाच्या तोंडावर उघड्या कोब्यात जीवजंतू होण्याचा प्रश्न नको.

पण सासूबाईंचं काय?

उत्तर त्यांच्याच तोंडून आलं, तेही दुसरंच काही बोलताना. संध्याकाळी त्या भाच्याला साधूंच्या चर्येबद्दल सांगत होत्या. तिकडे वाढलेला मुलगा, त्याने विचारलं, "आजी, महाराज थंडीत कशावर झोपतात?" त्या म्हणाल्या, "भूमिशयन हा मूलगुण आहे त्यांचा. संस्तर चार सांगितलेत, माती, शिळा, लाकडाची फळी आणि गवत." मग आठवून आठवून सांगायला लागल्या, माहेरी पैठणजवळच्या गावात संघ आला होता तेव्हा थंडीत पाटावर पराळी अंथरली होती, त्यांच्या वडिलांनी ती एकेक मूठ झटकून, उन्हात दाखवून, जीव नाहीत ना ते पाहून आणली होती. माहेरच्या सारवलेल्या जमिनीचीही आठवण काढली. "त्या जमिनीवर असं गार लागायचं नाही." लागणार कसं, माती आणि शेणातल्या काड्या, त्यात सगळी हवा.

फळी आणि गवत. भाचा माझ्याकडे बघायला लागला. बावीस परीषहांत शीत आहेच, मुनी तो सहन करतात. तरी त्यांना शिळेबरोबर फळीही सांगितली आहे. मग ८१ वर्षांच्या श्राविकेने फळी घेतली तर कुठे बिघडलं?

मग आम्ही जे केलं ते इतकं साधं आहे की लिहायला संकोच वाटतो. सुताराकडून साडेतीन फूट बाय तीन फूट मापाचा एक बसका पाट करून घेतला. लाकडी चौकट, तिच्यात दोन इंचांची तीच फोमची फळी घट्ट बसवलेली, वरून सागवानी फळ्या, खालून पातळ प्लायवूड. एकूण उंची तीन इंचांच्या आत. खाली पाय नाहीत, सपाट तळ. करण्यापूर्वी फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवला होता, आतून घाम आला नाही, म्हणजे खालून ओल नाही. ओल असेल तर असा पाट खालून कुजतो, हे ज्यांच्या घरांना ओल आहे त्यांनी आधी पाहून घ्या.

सुताराला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्या लागल्या. एक, कुठेही पोकळी आणि फट ठेवायची नाही. बंद अंधारी ऊबदार जागा म्हणजे झुरळांना आणि मुंग्यांना आमंत्रण, आणि मग त्यांना हाकलायचं पाप आपलंच. त्याने सगळे सांधे भरून कडेने पट्टी मारून दिली. दुसरी, वजन. दोघींना उचलता आला पाहिजे. आम्ही दर आठ दिवसांनी तो उभा करतो, खालून मऊ कुंचल्याने झाडतो आणि परत ठेवतो. होळी झाली की तो भिंतीला उभा राहील आणि फरशी सासूबाईंना उन्हाळ्यासाठी मोकळी.

सतरंज्या दुमडून का नाही घातल्या, असं जाऊबाईंनी विचारलं. घालून पाहिल्या होत्या. मऊ बैठकीत गुडघा रुततो आणि उठताना हाताला आधार मिळत नाही, शिवाय कडा पायात येते. कडक पाटावर उठणं सोपं जातं, आणि तीन इंच उंचीचाही फायदा होतो. बाजूच्या भिंतीला मिस्त्रींनी एक दांडा बसवून दिला, बाथरूममध्ये लावतात तसला. त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. खिडकीची फट त्याच दिवशी बुजवली, आणि बैठक बाहेरच्या भिंतीपासून दोन फूट आत सरकवली, कारण कडेची फरशी यंत्रात मधल्यापेक्षा दीड अंशाने कमी दिसत होती.

पाट आला त्या दिवशी सासूबाईंनी आधी चौकीकडे पाहिलं. जिनवाणी ठेवायची त्यांची चौकी जुनी, बसकी. पाटावर बसल्यावर त्यांचं आसन आणि शास्त्र जवळजवळ एका उंचीवर येत होतं. "असं नाही चालणार." मग चौकीला चार इंचांचे पाय जोडेपर्यंत दोन दिवस त्या पाटावर बसल्याच नाहीत, गार फरशीवरच बसल्या. सुतार म्हणाला, आजी, एक दिवस चालवून घ्या. त्यांनी फक्त हसून मान हलवली.

आता पाटावर त्यांचं तेच विरलेलं सुती आसन असतं. सकाळी सामायिक झाल्यावर भाच्याने ते यंत्र घेऊन बसलेली जागा मोजली, ३० अंश. "मामी, हीटिंग कुठेय?" म्हणून स्वतःच हसला. स्वस्थ बसलेलं माणूस साधारण १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता देत असतं, ती खाली फरशीत जाणं थांबवलं की झालं. वीज नाही, बटण नाही, कृत-कारिताचा प्रश्न नाही.

संध्याकाळचं सामायिक पहिल्या आठवड्यात पूर्ण झालं नाही, हेही सांगते. पाय दगड होणं थांबलं, पण गुडघ्याची कळ आहेच, ती फरशीची नाही, वयाची आहे. तिसऱ्या आठवड्यापासून बहुतेक दिवस ४८ मिनिटं होतात. ज्या दिवशी होत नाहीत त्या दिवशी त्या उठून खुर्चीवर बसतात आणि उरलेली पूर्ण करतात. खुर्चीचं नाव काढलेलं चालत नव्हतं, ती आता पाटाशेजारीच असते. कशी काय, ते मी विचारलं नाही.

ज्यांची मुलं थंड देशांत घर घेत आहेत त्यांच्यासाठी भाच्याने निरोप ठेवलाय. भरीव काँक्रीटवर हीटिंग करणार असाल तर कारागीर उंचीचं कारण देऊन खालची फळी गाळायला सांगेल, ऐकू नका. नळ्यांत पाणी सोडून, दाब देऊन गळती तपासल्याशिवाय वरचा थर ओतू देऊ नका. सिमेंटचा थर तीन-चार आठवडे आपोआप सुकू द्या, लवकर व्हावा म्हणून हीटिंग लावलं तर तडे जातात. फरशी २९ अंशांच्या वर तापवायची नसते. आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली, कपाटांखाली नळ्या नेऊ नका, तिथे धान्य-डाळी ठेवलेल्या असतात, उबेने त्यात किडे लवकर होतात. हा शेवटचा मुद्दा भाच्याचा नाही, माझा आहे.

पाटाचं माप कोणाला हवं असेल तर सुताराला एवढंच सांगा, मांडी घालून बसल्यावर दोन्ही गुडघे आत राहिले पाहिजेत आणि नमस्कारासाठी वाकल्यावर तळहातही पाटावरच टेकले पाहिजेत. सासूबाई उंचीने लहान आहेत, त्यांना साडेतीन फूट पुरलं. माझ्यासाठी मी चार फुटांचा सांगितलाय.